वारा नव्हता, दादा

दादा, परवा तुझी तेरवी झाली. तीन पंगती उठल्या. पळसाच्या पत्रावळीवरचा वडाभात ओरपत गाव तुझे गुण गात होतं. "देवमानूस होता," पाटील म्हणाले, बोटं चाटत म्हणाले. "अठरा वर्षं तलावाची पाळ राखली, एक दिवस आडवा झाला नाई." मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी भिंतीला टेकून ऐकत होते. या तेरा दिवसांत मला रडू कमी आणि शिसारी जास्त आली. गावाची आली, विळ्यानं डाग देणाऱ्या सोमा बुढ्याची आली, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची आली. तुला वाचता येत नव्हतं, तरी हे तुलाच लिहिते आहे. बाकीच्यांना जे सांगायचं ते त्या पंगतीत सांगून झालं.

गावाचा हा देवमाणूस कसा झाला ते मला ठाऊक आहे. तू पहिल्यापासून घाबरा. काही नसताना तुझी छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. सिंदेवाहीच्या बाजारात एकदा तू भर गर्दीत मटकन खाली बसलास आणि म्हणालास, "शेवंते, मी मरून राह्यलो." मी तेव्हा आठ वर्षांची होते. मी तुला पाणी पाजलं आणि लोक हसले. घरी आल्यावर आईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पुढे मी नर्स झाले, पण खरं सांगायचं तर तुझ्यासाठी मी त्या मीठमोहऱ्यांपेक्षा जास्त काही केलं नाही.

आपल्याकडे पाणकर नेमायचा तो गावानं तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर बसून. पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते तोच ठरवतो, पाळीची राखण तोच करतो. ज्या वर्षी म्हाताऱ्या पाणकराला डुलकी लागली आणि पाळीचा कोपरा खचला, त्या वर्षीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ज्याले झोप येते त्याले पाणकर कायले करता? शिवाले करा. त्याले भेवच झोपू देत नाई." सगळे खदखदा हसले आणि तू पाणकर झालास. बाजारात ज्या भीतीला ते हसत होते, तीच त्यांनी कामाला जुंपली. माणसाचं दुखणं गावाच्या उपयोगी पडलं की त्याला कुणी दुखणं म्हणत नाही, गुण म्हणतात. मालगुजारी गेली, मालगुजाराचा तलाव सगळ्यांचा झाला, म्हणजे कुणाचाच राहिला नाही, तेव्हा तर तुझा हा गुण त्यांना फारच आवडायला लागला.

दिवसातून सात-आठ चकरा. पाळीच्या मागच्या अंगाला टाच दाबून ओल बघायची, पाणी सोडायच्या तोंडाचं, आपल्या तुडुमाचं, बूच बसलं आहे की नाही ते हात घालून बघायचं, घरी यायचं, आणि अर्ध्या वाटेवरून परत जायचं. घास तोंडाशी नेऊन तू उठून गेलेला मी किती वेळा पाहिला आहे. वहिनी ताट झाकून ठेवायची. आधी काळजीनं झाकायची, मग आदळआपट करत.

आपलं भांडण यावरूनच. मी सुट्टीत आले की म्हणायची, पाळ मातीनं टिकते दादा, तुझ्या भीतीनं नाही. तू म्हणायचास, "अठरा वर्षांत फुटली का?" मी म्हणायची, न बघताही फुटली नसती. आणि तू शांतपणे विचारायचास, "तू पाह्यलं का, न बघता?"  याचं उत्तर मला आज सुचतं आहे, तर तू नाहीस. न बघता काय होतं हे बघायची हिंमत तुला कुणी दिलीच नाही, हे ते उत्तर आहे.

आणि एक गोष्ट तू कधी लक्षात घेतली नाहीस. ज्या वर्षी पाळीला खरोखर भोक पडलं, पाणी बोटभर धारेनं मागे यायला लागलं, तेव्हा आख्खं गाव बोंबलत पळत होतं आणि तू एकटा थंड होतास. "तणस आणा. माती आणा. तू इथी उभा राह्य." तुझा आवाजसुद्धा चढला नाही. भोक बुजल्यावर तू घरी येऊन पोटभर जेवलास. खरं संकट आलं की तू सगळ्यांहून धीट होतास. भीती तुला खायची ती काहीच नसताना.

तुझं ऋण मी विसरलेले नाही, म्हणूनच संताप होतो. मी पंधराव्या वर्षी विधवा होऊन परत आले तेव्हा सगळ्या नातलगांनी मला स्वयंपाकघराचा कोपरा दाखवला. तू म्हणालास, "हिले शिकू द्या." आणि ज्याला गावच्या शिवेबाहेर गेलं की धाप लागायची, तो तू मला नर्सिंगला घालायला छोट्या आगगाडीनं नागपूरपर्यंत आलास. डबा माणसांनी भरलेला. तुझा चेहरा घामानं निथळत होता. खिडकीचा गज तू दोन्ही हातांनी असा धरला होतास की बोटं पांढरी पडली. नागभीडला गाडी बदलताना मी म्हणाले, दादा, तू इथूनच परत जा, मी जाते. "मी भितो म्हून तू अडून राह्यशील का?" एवढंच बोललास. वसतिगृहाच्या दारात मला सोडलंस आणि तसाच परतीच्या गाडीत जाऊन बसलास. भेकड म्हणणाऱ्या एकाही मिशीवाल्यानं आयुष्यात एवढं धाडस केलेलं नाही.

या चैत्रात तू पाळीवरच कोसळलास आणि मी तुला चांद्याला माझ्या दवाखान्यात आणलं. आमच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. मग खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसले. तुझं काळीज ठणठणीत आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, आता म्हणतील मनाचे खेळ आहेत, जा घरी. पण ते म्हणाले, "हा भीतीचा आजार आहे. ढोंग नाही आणि वेडही नाही. तुमच्या अंगणात राखणीचा कुत्रा आहे ना? चोर आला की भुंकतो. तुमच्या छातीतला पान पडलं तरी भुंकतो. कुत्रा लबाड नाही, त्याला फक्त ओळखता येत नाही." तू लक्ष देऊन ऐकलंस आणि विचारलंस, "मंग त्याले मारून टाकाव का?" डॉक्टर हसले. "मारता येत नाही. भुंकू द्यायचं. प्रत्येक वेळी उठून बघायला जायचं नाही. थोड्या वेळानं तो थकतो."

बाहेर आल्यावर तू व्हरांड्यात बसलास आणि लहान मुलासारखा रडलास. "म्हंजे याले नाव हाय, शेवंते? मले वाटे मीच असा हाव."

पुढचे एकवीस दिवस तू माझ्या क्वार्टरात होतास. मला तुझ्याबरोबरचे एवढे चांगले दिवस दुसरे आठवत नाहीत. पहिले चार दिवस वाईट गेले. तलावाच्या नावानं तू उठून उभा राहायचास, पिशवी भरायचास. मग तू पायरीवर बसायला लागलास. छातीची धडधड सुरू झाली की हात मांडीवर ठेवून म्हणायचास, "भुंक बापा, भुंक." घाम यायचा, ओठ सुकायचे, तू हलायचा नाहीस. आणि मग तुझा चेहरा सैल व्हायचा आणि तू आत वळून ओरडायचास, "थकला गा!" एकदा तर तू ताट अर्धवट सोडून उठलास, दारापर्यंत गेलास, आणि माघारी येऊन जेवलास. मी पाठ फिरवून डोळे पुसले. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची बाटली तर अर्धीसुद्धा संपली नव्हती.

बाविसाव्या दिवशी नागभीडचे सोयरे तुला बघायला आले. तुझ्या पोरीची, कौसीची त्यांच्या मुलाशी बोलणी चालली होती, कुंकू लागायचं बाकी होतं. बाई, दादाले झालं तरी काय, त्यांनी विचारलं. साधा प्रश्न. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर मी सांगणार याची खात्री होती, थोडा अभिमानही होता, आपल्या आजाराला नाव असल्याचा. आणि मला दिसलं ते एवढंच, की भीतीचा आजार म्हटलं की या लोकांना वेड ऐकू येणार, वेड म्हटलं की घराण्याला वेड, आणि मग कौसी आयुष्यभर आपल्याच अंगणात. मी म्हणाले, "काही नाई, छातीत वारा धरला होता. आता बरा हाय." सोयऱ्यांनी मान डोलावली. वारा कुणालाही धरतो.

ते गेल्यावर तू विचारलंस, "वाराच हाय का मंग? डॉक्टर बोलले ते?"

मी सांगू शकले असते. दार बंद होतं, सोयरे स्टेशनावर पोचले होते. पण मला धास्ती वाटली की तू गावात कुणाजवळ तरी बोलून जाशील. मी म्हणाले, "डॉक्टर लोक काहीबाही बोलतात, दादा. वाराच हाय."

नर्स बहिणीनं सांगितलं म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी छाती धडधडली तेव्हा तू "भुंक बापा" म्हणाला नाहीस, छाती चोळत बसलास. चार दिवसांनी तलावाची डागडुजी करायची म्हणून पाटलांचा निरोप आला आणि तू गेलास. मी अडवलं नाही. एकवीस दिवसांत तुझ्या हाती जे लागलं होतं ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. आता कोणत्या तोंडानं अडवणार होते?

पुढचं तुला माहीत आहे, मला ते पत्रातून कळलं. आपल्या गावात तापावर काढा, पोटावर हिंग आणि वाऱ्यावर डाग. मी तिथं जन्मले, हे मला ठाऊक असायला हवं होतं. भीतीवर सोमा बुढ्याकडे इलाज नव्हता, वाऱ्यावर होता. मी तुला वाऱ्याचं नाव देऊन त्याच्या विळ्याखाली पाठवलं. कौसीनं पाटलांच्या मुलाकडून लिहून घेतलं होतं, "बाबाच्या छातीवर इलाज केला. आता आराम हाय." आठ वर्षं जखमा धुणाऱ्या मला "इलाज" म्हणजे काय ते कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी पत्राची घडी घातली आणि वॉर्डात गेले. रजा मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

नंतर वहिनीनं सांगितलं. सोमा बुढ्यानं विळा लाल केला. दोघांनी तुझे हात धरले, तर तू म्हणालास, "धरा नोको. शेवंता बोलली वारा हाय, तं मी हालत नाई." पाच डाग. तू हलला नाहीस म्हणे. गाव याचंसुद्धा कौतुक करतं, दादा. वडे खाता खाता करत होतं. आणि ते डाग ओले असताना धानाच्या रोवणीच्या तोंडावर तुडूम गाळानं तुंबलं, आणि छातीएवढ्या चिखलात उतरायला गावाला तूच सापडलास.

बैलबंडीनं सिंदेवाही, तिथून छोटी गाडी, आणि तुला आमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तुझा जबडा आवळायला लागला होता. धनुर्वात. मी सदरा वर केला. पाच डाग, तीन चिघळलेले, कडेला शेण आणि तलावाचा वाळलेला गाळ. तो वास माझ्या नाकातून जात नाही. भाताला येतो, साबणाला येतो. डॉक्टरांनी डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना नीट समजावून घरी पाठवलं होतं ना तुम्ही?" मी "हो" म्हणाले. तेही खोटं.

तू मात्र घाबरला नव्हतास. जबडा पुरता बसायच्या आधी, दातांच्या फटीतून, तू मला म्हणालास, "शेवंते, कुत्रा आता चूप हाय." म्हणजे तू विसरला नव्हतास. माझ्या वाऱ्यावर विश्वास ठेवलास आणि डॉक्टरांचा कुत्राही कुठेतरी जपून ठेवलास. त्याच वेळी मी सांगायला हवं होतं की वारा नव्हता, मी खोटं बोलले, तूच बरोबर होतास. तुझे कान शाबूत होते, तुला सगळं ऐकू येत होतं, तीन दिवस ऐकू येत होतं. मी तुझ्या तोंडावरचा घाम पुसत राहिले आणि "बरं वाटेल, दादा" म्हणत राहिले.

आता तेरवीचं ऐक. दुसरी पंगत बसली होती. नागभीडचे सोयरे पाटलांशेजारी मानाच्या पाटावर. कौसी वाढत होती. वाढता वाढता तिनं वरणाची बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. हात छातीवर, ओठ पांढरे. "आत्या, मले श्वास घेता येऊन नाई राह्यला." हात लावला तर गार. मी पाहताक्षणी ओळखलं. बाजारातला तू होतास तो.

सोमा बुढा जेवत होता. उष्ट्या हातानंच म्हणाला, "बापाचा वारा पोरीत शिरला. तीन डागात निंगते. कोनी विळा ठेवा गा चुलीत." आणि कुणीतरी ठेवला, दादा! तुझ्या तेरवीचा भात ज्या चुलीवर शिजला तिच्यात ठेवला. वहिनी पदर तोंडात धरून उभी होती, पण ती नाही म्हणाली नाही. विळा लाल व्हायला लागला आणि लोक जेवत राहिले. कुणाचा घास अडला नाही. आणि मला अजूनही सोयऱ्यांचा चेहरा दिसत होता, अजूनही मनात येत होतं की वाराच म्हणू दे, डाग तेवढे कसेतरी चुकवू. एवढी नीच आहे तुझी बहीण.

मग मी चिमट्यानं तो विळा ओढला आणि पाण्याच्या घंगाळात टाकला. चर्र आवाज झाला तेव्हा कुठं पंगत थांबली.

"वारा नाई," मी म्हणाले. "हिलेही नाई, माह्या दादालेही नव्हता. त्याले भेवाचा आजार होता. याले नाव हाय, औषध हाय. डॉक्टरनं सांगतलं होतं, अन् तो बरा होऊन राह्यला होता. मी वारा म्हणली ते लबाड बोलली. हे लगन जुळावं म्हून बोलली. त्याच्यापायी तुम्ही त्याले डागलं अन् तो मेला."

सोमा बुढा म्हणाला, "नर्सबाई, तूच तं वारा बोलली. आमी का अंतर्यामी हाव?" यात त्याचं काय चुकलं होतं? सोयरे अर्ध्या ताटावरून उठले. हात धुतले, पायताण घातलं, कुणाकडे न बघता निघाले. पाटील म्हणाले, "बाई, मेल्या मानसाले पागल ठरवून राह्यली तू." आणि वहिनी जे ओरडली ते मला आयुष्यभर पुरेल, "नवऱ्याले खाल्लं, भावाले खाल्लं, आता माह्या पोरीचं घर मोडलं. निंग माह्या घरातून!"  तिनं म्हटलेलं बरंचसं खरं होतं.

तिसरी पंगत तरीही बसली. भात उरला होता ना.

काल सकाळी मी स्टेशनावर जायला निघाले, तर कौसी गाठोडं घेऊन अंगणात उभी. वहिनी आतून बाहेर आली नाही, पण तिनं पोरीला अडवलंही नाही. गाडीत कौसी खिडकीशी बसली. सिंदेवाही सुटलं तशी तिची छाती सुरू झाली. मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, कुत्र्याचं, पान पडल्याचं, थकण्याचं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे मी पागल नाई?"

"नाई."

"बाबाले हे मालूम होतं?"

"एकवीस दिवस मालूम होतं. छाती धडधडली का कुत्र्याले भुंक म्हने, अन् बसून राहे."

"अन् मंग?"

"मंग मी त्याले लबाड सांगतलं."

तिनं मान वळवली. मूल स्टेशन आलं, गेलं. बाहेर बांध्यांमध्ये बाया ओणव्या होऊन रोवणी करत होत्या. मी माफी मागितली नाही, कारण ती द्यायचा अधिकार तिचा नाही, तुझा होता. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. मग तिनं खिडकीचा गज धरला, दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईपर्यंत, आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "भुंक बापा, भुंक."